चिमणीचं वरचं

ऐन पाहुण्यांच्या वेळी वीज गेली आणि ती आणायला नेमकी घरचीच मुलगी गेली. चिमणी वीजखात्यात होती, खांबावर चढायची. तिनं आणि शहरातल्या एका कंपनीतल्या मुलानं लग्नाचं ठरवलं होतं. आता त्याच्या आईवडिलांचा होकार तेवढा बाकी होता, आणि बंद पंख्याखाली तिचे वडील, आप्पा, एकटेच किल्ला लढवत होते.

मुलाच्या वडिलांनी जन्मभर लोकांचे हिशेब तपासले होते. चहा संपायच्या आत त्यांनी मुलाचा पगार सांगून टाकला. 

"शहरातला खासगी पगार हो," पाहुणे म्हणाले. "तुमचं गाव लहान, त्यातून सरकारी नोकरी. मूळ पगार बेताचाच असणार."

"मूळ बेताचा," आप्पा सावरून बसले, "पण वरचं आहे ना!"

खांबावर चढायच्या भत्त्याला घरात सगळे 'वरचं' म्हणत. पाहुण्यांना ते कुठून ठाऊक असणार? मुलाच्या आईनं कप खाली ठेवला.

"वरचं... घेते ती?"

"हक्कानं घेते! सगळ्या खात्यात तिच्याइतकं कुणालाच नाही. सुरुवातीला हात कापायचे बिचारीचे. आता सवय झाली."

"आणि साहेबांना कळलं तर?"

"अहो, साहेबच सही करून देतात!"

पाहुण्यांनी घाम पुसला. "कधी अंगाशी नाही आलं?"

"एकदा पाय घसरला होता," आप्पा कौतुकानं म्हणाले. "पण दुसऱ्या दिवशी पुन्हा सुरू!"

पाहुणे उठलेच. "आम्ही साधी माणसं. असला पैसा आमच्या घरात नको."

आप्पांना काही उमगेना. तेवढ्यात पंखा गरगरला, गल्लीत "आली, आली!" असा ओरडा झाला आणि डोक्यावर हेल्मेट, कमरेला पट्टा अशी चिमणी दारात उभी राहिली.

"आप्पा, दुपारभर खांबावर होते. आज वरचं दुप्पट!"

पाहुण्यांनी पट्टा पाहिला, दाराबाहेरची शिडी पाहिली आणि ते मटकन खाली बसले. "म्हणजे खांबावरचं?"

"मग? माझी पोर टेबलाखालून घेणारी वाटली तुम्हाला?" आप्पांची छाती भरून आली होती, त्यामुळे आवाज जरा चढलाच. "तुमचे चिरंजीव रात्री उशिरापर्यंत कचेरीत बसतात म्हणे. त्यांना वरचं काय मिळतं?"

मुलाची आई खाली बघत म्हणाली, "वरचे साहेब ओरडतात. तेवढंच."



"असू दे," आप्पा मोठ्या मनानं म्हणाले. "चिमणीला पसंत आहे ना? मग आमचा होकार."