संयोगिताचा गुणगौरव आणि कुपवाडची निर्धूळ खोली

आमच्या गावात कुणी काही मिळवलं आणि त्याचा सत्कार झाला नाही, असं आजवर घडलेलं नाही. गुणगौरव समितीचा अध्यक्ष या नात्यानं मी ते घडू देत नाही. त्यामुळं नाथाजी फौजींची संयोगिता, जी कराडला इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला आहे, ती कुपवाडच्या एका चिपच्या कारखान्यात उन्हाळी इंटर्नशिपला निवडली गेल्याचं कळताच मी मांडववाल्याला फोन लावला.

कारखाना तिला शिकवणार होता आणि वर पगारही देणार होता. शिकायला पैसे भरायची सवय असलेल्या गावाला हे पटेना. "फसवत्यात गं तुला," आमच्या उपाध्यक्षा बनुबाई म्हणाल्या. "शेवटी विम्याची पॉलिसी काढाय लावत्याल."

संयोगिताची अडचण वेगळीच होती. "आप्पा, सत्कार नको. चिप बनते त्या खोलीत धुळीचा कणसुद्धा चालत नाही. पावडर लावूनही जायचं नसतं. मला एकदा तरी तिथं बसून मायक्रोस्कोपखाली सर्किट बघायचंय. त्या खोलीत काम केलं असलं तरच पुढल्या वर्षी बंगळूरच्या कंपनीत घेतात."

"आगं, बिनगुलालाचा सत्कार म्हंजे शोकसभा," मी समजावलं. मोठ्यांना ती उलटून बोलत नाही. चांगले संस्कार आहेत.

सत्कार दणक्यात झाला. दुसऱ्या दिवशी ती केस धुऊन धुऊन कुपवाडला गेली. त्या खोलीच्या दारात आणखी एक कपाटाएवढी खोली असते. तिथं चारी बाजूंनी वारा मारून माणूस झटकतात. संयोगिता झटकली गेली आणि कपाट गुलाबी झालं. तिथल्या प्रमुख क्रांती मॅडम म्हणाल्या, "उद्या स्वच्छ होऊन ये. आजचा पगार मिळेल."

इथं मॅडम चुकल्या. काम न करता पगार मिळाल्याची बातमी संयोगिताच्या एसटीआधी गावात पोचली. एवढी मोठी नोकरी आमच्या तालुक्यात अजून कुणालाच लागली नव्हती. लगेच पतसंस्थेनं सत्कार ठेवला. पतसंस्था एका गटाची, म्हणून दुसऱ्या गटाच्या दूध संघानं ठेवला. मग तिच्या मामाचं गाव रुसलं. रोज संध्याकाळी गुलाल, रोज सकाळी वारा, आणि पगार चालूच.

एक दिवस नाथाजी आले. "आप्पासो, बास करा आता. पोरगी रडतीया."

"फौजी, पाणीपुरवठा संस्थेला न्हाई म्हणायचं का? ऊस हाय न्हवं तुमचा? पाणी कुणाचं घेता?"

नाथाजी सीमेवर वीस वर्षं राहून आलेत, पण पाण्याचं नाव काढल्यावर सत्काराची वेळ विचारून गेले.

शेवटचा आठवडा उरला तेव्हा क्रांती मॅडम स्वतः गावात आल्या. "हात जोडते, तिला एक दिवस तरी आत बसू द्या," म्हणाल्या. त्यांचं दुःख आमच्या ध्यानात आलं. सगळ्यांनी सत्कार केला होता, खुद्द कारखान्यानं करायचाच राहिला होता.

आम्ही टेंपो भरून कुपवाडला गेलो. कारखान्याचे मालक आप्पलपोटे नाहीत. पत्रकारही सोबत आहेत म्हटल्यावर त्यांनी कार्यक्रम थेट आतल्या खोलीत घेतला, कारण बाहेर फार धूळ असते. मॅडम दारात आडव्या उभ्या राहिल्या. मालकांनी त्यांना स्वागताध्यक्ष केलं. आम्ही सर्वांनी चपला बाहेर काढल्या. स्वच्छतेचं तेवढं आम्हांलाही कळतं.

नारळ कठीण होता, म्हणून मशीनच्या कडेवर फोडावा लागला. हवा शुद्ध करणारे पंखे इतके जोरदार की गुलाल कुणाला कमी-जास्त मिळाला नाही. मॅडम खाली बसल्या. खोली दिवाळीपर्यंत बंद राहणार असल्याचं मालकांनी तिथंच भाषणात जाहीर केलं. आम्ही टाळ्या वाजवल्या.

संयोगिता अखेर त्या खोलीत पोचली होती. तिनं मायक्रोस्कोपला डोळा लावला.

"काय दिसतंय गं?" मी विचारलं.

"गुलाल," ती म्हणाली.

त्या क्षणाचा फोटो मी लगेच टाकला. तिचे डोळे भरलेले त्यात स्पष्ट दिसतात. तुम्हीही तो पाहिलात. खाली हात जोडून 'गावाची शान' असं लिहिलंत. ती तिथं काय शिकली, हे मात्र तुम्ही विचारलं नाही. म्हणून समितीनं एकमतानं तुम्हांला आजीव सदस्य करून घेतलं आहे.