दोन सीटची मोटार आणि कादरचाचा

मी फक्त बसून बघणार होतो. एवढं एकदा मान्य केलंत की पुढचं सगळं तुम्हाला आपोआप पटेल.

लोणावळ्यात मुंबईच्या शेठ लोकांचे बंगले आहेत आणि वर्षातले बरेच महिने ते बंद असतात. ते झाडूनपुसून ठेवणाऱ्या एका एजंटाकडे मी कारकून आहे. म्हणजे किल्ल्या सांभाळतो. (माझी बायको जैनब म्हणते, दुसऱ्यांची घरं उघडण्यात माझा जन्म गेला. म्हणू द्या.) तर एका बंगल्याच्या गॅरेजात शिडी आहे का, ते बघायला मी गेलो. शिडी काही दिसली नाही. आत एक मोटार उभी होती.

लाल, विलायती, बसकी आणि लांब नाकाची. आत बरोब्बर दोन माणसांची जागा. मागं एक झाकण होतं, ते उघडलं की आणखी एक सीट निघायची, उघड्यावरची. तिला डिकी म्हणतात. शेठच्या धाकट्या मुलानं ही मोटार शर्यतीच्या नादानं घेतली होती, आता तो शिकायला विलायतेला निघाला होता, आणि बापाची नजर पडायच्या आत त्याला ती खपवायची होती. "ताशी सत्तर मैल जाते, इकबाल," तो मला म्हणाला. आमच्या घाटात एवढ्या वेगानं आजवर फक्त दरडी खाली आल्या आहेत.

मी आत बसलो. दार लावलं. चाक हातात धरलं. आणि पुढच्या शनिवारी मोटार माझी झाली. कशी, ते विचारू नका. जैनबही तेच विचारत होती आणि मी तिलाही सांगितलेलं नाही.

स्टेशनवर टॅक्सी चालवणाऱ्या निजामनं मला वलवणच्या रस्त्यावर थोडे दिवस शिकवलं, मग त्याची तब्येत बिघडली. उरलेलं मी माझं माझं शिकलो. एकच खोट राहिली. मी मान ज्या बाजूला वळवीन, त्या बाजूला मोटारही वळायची. म्हणून मी नाकासमोर बघून चालवायचं असं ठरवून टाकलं.

घरात जैनबनं बोलणं टाकलं होतं.

"दोन माणसांची मोटार!" शेवटी तिला राहवलं नाही. "आपल्या घरातली दोनच माणसं कधी कुठं गेल्येत का? अम्मांना कुठं बसवणार? टपावर?"

"अगं, पण लैलाचं लग्न आहे ना?" मी म्हणालो. "या मोटारीनं हळदीला तू सगळ्यांच्या आधी पोचशील."

घाव वर्मी बसला होता. लैला ही तिची सगळ्यात धाकटी बहीण. जैनबचं माहेर इंदुरीचं, आणि त्यांच्या घरची रीत अशी की नवरीला पहिली हळद थोरल्या बहिणीनं लावायची. दुपारच्या अजानीपर्यंत थोरली आली नाही, तर तो मान भावजयीला. मधल्या बहिणीच्या लग्नाच्या वेळी माझ्यापायी आमची आगगाडी चुकली होती (किल्ल्यांचा जुडगा खिशातच होता, तो मी घरभर शोधत होतो) आणि पहिली हळद लावली उम्मेहानी भाभीनं. तेव्हापासून घरात कुणाचंही लग्न निघो, भाभी आपला हात पुढं करते आणि म्हणते, "याच हातानं बरं का!" जैनबला ते अन्न गोड लागू देत नाही.

"या वेळी चुकलं तर मी माहेरी तोंड दाखवणार नाही," ती म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. मी छातीवर हात ठेवून कबूल केलं.

हळदीच्या सकाळी आम्ही निघालो. माझी अम्मा आदल्या दिवशीच आगगाडीनं पुढं गेली होती. ("मला मरायचं आहे, पण घरी," असं म्हणून.) जैनब माझ्या शेजारी बसली, कपाळावर पदर ओढून आणि दोन्ही हातांनी दार धरून. आणि काय सांगू, मोटार धावली! कार्ला मागं पडलं, कामशेत आलं कधी नि गेलं कधी, वडगावात कोंबड्या उडाल्या. तळेगावला चहा प्यायला थांबलो, तरी दुपार व्हायला चिक्कार वेळ होता. जैनब चक्क हसली. लग्नानंतर माझ्या एखाद्या कर्तबगारीवर ती पहिल्यांदाच हसली असेल. एरवी हसते ती माझ्यावर.

तळेगाव सोडून इंदुरीच्या मुरमाच्या रस्त्याला लागलो, वळण घेतलं आणि जैनब किंचाळली, "थांबा! चाचा!"

समोर एक बैलगाडी चालली होती, हाकायला नथू. तिच्यात तांदळाची पोती, पोत्यांवर काळी छत्री, छत्रीखाली कादरचाचा.

आता हे कादरचाचा कोण, ते सांगतो. जैनबच्या बापाचे थोरले भाऊ. कामशेतला तांदळाचे व्यापारी. बाप हयात नाही आणि भाऊ चाचांच्या पुढं होत नाही, म्हणून दुसऱ्या दिवशी निकाहाला नवरीकडचे वली तेच. ते हो म्हणाले तर लग्न. आणि या घरात कुणी चाचांच्या पुढं चालत नाही. मशिदीला जाताना नाही, मयतीला जाताना नाही. मागं एकदा सुदुंबऱ्याच्या लग्नाला जाताना एका पुतण्यानं घंटी वाजवून सायकल त्यांच्या पुढं काढली. चाचांनी तिथल्या तिथं बैल वळवले आणि घर गाठलं. त्यांची समजूत घालायला वऱ्हाडातली अर्धी माणसं कामशेतला गेली आणि नवरा-नवरी संध्याकाळपर्यंत उपाशी बसून राहिली. त्या पुतण्याला अजून कुणी लग्नाला बोलावत नाही.

"हॉर्न वाजवू?" मी विचारलं.

"चाचांना हॉर्न?" जैनबनं कानावर हात ठेवले.

"मग हळूच बाजूनं काढतो."

"आणि त्यांच्या पांढऱ्या दाढीवर धूळ उडवता? उद्याचा निकाह कोण लावणार, तुम्ही?"

"मग मागं मागं जाऊ या."

"आणि हळद भाभी लावू दे? छातीवर हात ठेवून काय म्हणाला होतात?"

आली का पंचाईत! पुढं जायचं नाही आणि मागं राहायचं नाही. ताशी सत्तर मैलांची मोटार बैलांच्या शेपट्या मोजत चालली. शर्यतीच्या मोटारीला हे सोसत नाही. आधी ती गुरगुरली, मग नाकातून वाफ सोडायला लागली. जैनब सूर्याकडे बघायची, मग माझ्याकडे बघायची. सूर्य परवडला असं तिचं तोंड झालं होतं.

तेवढ्यात मला युक्ती सुचली. (मला सुचलेल्या युक्त्यांचा इतिहास जैनबला पाठ आहे, पण त्या घडीला तिला दुसरा इलाज नव्हता.) चाचांनाच मोटारीत घ्यायचं! चाचाच आत बसले, की मोटार त्यांच्या पुढं जाणारच कशी?

मी उतरून धावत गेलो, सलाम केला. "चाचा, ऊन फार आहे. मोटारीत बसा. गाडी घेऊन नथू येईल मागनं."

चाचांनी मोटारीकडे बघितलं. "ही मोटार हाय?" ते म्हणाले. "मला वाटलं, कुनी लाल ट्रंक टाकून गेलं रस्त्यात."

पण बसले. चाचा शेजारी म्हटल्यावर जैनब आपण होऊन मागं डिकीत गेली. चाचांनी आधी समोरचा छोटा आरसा आपल्याकडे वळवून दाढी न्याहाळली आणि तो तसाच ठेवला. मी मोटार सुरू केली. पहिल्या धक्क्याला चाचांनी अल्लाचं नाव घेतलं. दुसऱ्या मिनिटाला त्यांनी टोपी काढून मांडीखाली दाबली. पुढं बघतो तर चाचा हसताहेत!

"अजून पळती का?"

"पळते की."

"मग राखून कशापायी ठेवलीस? पळव!"

इंद्रायणीचा पूल ओलांडला तेव्हा नाकातून पुन्हा वाफ निघायला लागली. मोटार उभी केली, तोंडावरचं झाकण उघडून ठेवलं, नदीवरून डबा भरून आणला आणि पाणी घातलं. शेतांपलीकडे इंदुरीची घरं दिसत होती. झाकण लावून मी पुन्हा चाकावर बसलो. अजानीला अवकाश होता. जिंकलो म्हणा ना!

इंदुरीत शिरलो. सासरचं दार दिसलं, दारातला मांडव दिसला. मी ब्रेकवर पाय ठेवणार, तोच चाचांनी काठी पुढं केली.

"थांबू नगं."

"अहो चाचा, घर आलं!"

"घर काय पळून जातंय? चाकणला हौशीराम भुसारी हाय. लय दिवस टांग्याचा तोरा मिरवतोय माझ्याफुडं. त्येच्या दुकानावरनं एक चक्कर मारू नि येऊ माघारी. चल!"

सांगा आता. ज्यांच्या पुढं जायची सोय नाही, त्यांना नाही म्हणायची तरी कुठून असणार? मांडव मागं गेला. मांडवातली माणसं हात हलवताना दिसली, मग तीही दिसेनाशी झाली.

मागं बघायची माझी छाती नव्हती. एक तर मोटार झाडावर गेली असती, आणि दुसरं म्हणजे मागं जैनब होती. पाठीमागची छोटी काच उघडी होती. मी समोर बघतच ओरडलो, "जैनब, लगेच परत फिरतो बरं का!"

उत्तर आलं नाही.

"अगं, चाचांपुढं माझं काय चालतंय?"

उत्तर नाही. जैनब ओरडली की मला भीती वाटत नाही, सवय आहे. ती गप्प बसली की वाटते. मी विनवण्या सुरू केल्या. म्हटलं, शिलाईचं मशीन घेऊन देतो. उत्तर नाही. वर्षातून दोनदा माहेरी पोचवीन, आणि मध्ये बोलवायला येणार नाही. तरी उत्तर नाही. शेवटी चाकणच्या वेशीत माझा बांध फुटला. "जैनब, चुकलो! ही मोटार विकतो! पण काहीतरी बोल गं!"

चाचा समोर बघत शांत बसले होते. हौशीराम भुसाऱ्याच्या दुकानासमोर त्यांनी काठी उचलून त्याला सलाम केला, त्याचं तोंड उघडं पडलेलं डोळे भरून बघितलं, आणि म्हणाले, "आता वळव."

परत इंदुरीला आलो, मांडवासमोर उतरलो आणि धावत मागं गेलो. डिकी रिकामी!

चाकणच्या रस्त्यावर खड्डे कमी नाहीत. कुठल्या खड्ड्यात उडाली असेल बिचारी? आणि मी इकडं मशीन कबूल करत होतो! सासूबाई पुढं आल्या. "जावईबापू, एकटेच?" त्यांनी विचारलं, आणि मला रडूच फुटलं. सगळ्या वऱ्हाडादेखत मी मांडवाचा खांब धरून ओरडलो, "सासूबाई, जैनबला मी रस्त्यात पाडली हो!"

आतल्या दारातून जैनब बाहेर आली. दोन्ही हात मनगटापर्यंत पिवळे, आणि चेहरा असा फुललेला की मी तो आमच्या लग्नातही बघितला नव्हता. तिच्या मागं उम्मेहानी भाभी रिकामी वाटी घेऊन उभी होती.

"तू... तू कधी उतरलीस?"

"नदीवर. तुम्ही पाणी आणायला गेलात तेव्हा," ती म्हणाली. "चाचांचं तोंड बघूनच मी ओळखलं, ही मोटार काही इंदुरीत थांबत नाही. उतरले आणि शेतातनं चालत आले. अजान व्हायच्या आत पहिली हळद मीच लावली."

"अगं पण मला सांगायचं तरी!"

"चाचांना विचारलं होतं की. घरात थोरलं माणूस असताना तुम्हाला काय विचारायचं?"

मी चाचांकडे वळलो. "चाचा! तुम्हाला ठाऊक होतं? मग चाकणपर्यंत मी कुणाशी बोलतोय, ते सांगायचं नाही का?"

"बायकोशी बोलत व्हतास," चाचा म्हणाले. "नवराबायकोच्या बोलन्यात आमी पडत न्हाई." मग त्यांनी टोपी डोक्यावर नीट बसवली, सगळ्या मांडवाकडे तोंड केलं आणि निकाहाची कबुली वाचावी तशा आवाजात म्हणाले, "पर ऐकलंय समदं. शिलाईचं मशीन. वर्साला दोनदा माहेर. मोटार इकायची. आमी साक्षीला हाय."

निकाह दुसऱ्या दिवशी झक्क झाला. मोटार पुढच्या महिन्यात गेली. हल्ली आमच्या घरात शिलाईचं मशीन आहे. त्यालाही चाक आहे, ते पायानंच चालतं आणि खूप पळतं. जैनब ते चालवायला बसली की मी कौतुकानं शेजारी खुर्ची ओढतो, आणि ती नाकासमोरची नजर न काढता म्हणते, "अहो, तुम्ही जरा मागं बसा."