वसतिगृह पाहण्याचा कार्यक्रम

गोदावरीला एम.एस्सी.साठी विद्यापीठात जायचं होतं, आणि त्यावर मत नाही असं घरात फक्त मांजर उरलं होतं. बी.एस्सी. तिने वैजापूरच्या कॉलेजातून एसटीने जा-ये करून केली. तेव्हा कुणी हूं की चूं केलं नाही, कारण पोरगी दिवेलागणीला घरी येत होती. औरंगाबादला जायचं म्हणजे मात्र तिथेच राहायचं, आणि राहायचं म्हणजे परक्या छपराखाली.

वडील, कारभारी, तयार होते. पण कारभारींचं 'हो' त्यांच्या थोरल्या बहिणीच्या, द्वारकाबाईंच्या 'हो'शिवाय चालत नसे. नवरा गेल्यापासून द्वारकाबाई माहेरीच होत्या, आणि बैलाला पेंड किती द्यायची इथपासून भाच्याला नववीत पुन्हा बसवायचं की नाही इथपर्यंत सगळं त्यांच्या शब्दावर ठरे. प्रवेशाच्या अर्जावर पालकाची सही हवी होती. शनिवार शेवटची तारीख. गोदावरी तो अर्ज आठ दिवस पिशवीत घालून हिंडत होती, आणि रात्री पिशवी उशाला घेऊन झोपत होती. सही झाली नाही तर पुढे काय, हे तिला पक्कं ठाऊक होतं. दोन ठिकाणांहून तिच्या पत्रिकेची मागणीही झालेली होती.

शुक्रवारी सकाळी द्वारकाबाईंनी एकदाचं तोंड उघडलं.

"परक्या घरी पोरगी ठेवायची तर आधी घर पाहावं लागंल. त्याबिगर माझं काही म्हणणं नाय."

"मग रीतीनं पाहू आक्का," ओट्यावर बसलेले नानासाहेब म्हणाले.

हे नानासाहेब म्हणजे गावातल्या निम्म्या लग्नांचे मध्यस्थ. उरलेल्या निम्म्या लग्नांत आपल्याला विचारलं नाही म्हणूनच भांडणं आहेत, असं त्यांचं मत. त्यांनी तिथल्या तिथे रीत लावून दिली. घर पाहायला जाणारी माणसं विषम हवीत. तीन म्हणजे तिघाडा, तेव्हा पाच. पिशवीत नारळ आणि खण असावा. घर पसंत पडलंच तर रिकाम्या हाताने बोलू नये. आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे कशाला आलो ते आधी सांगायचं नाही.

"सांगितलं की समोरचा सावध होतो. सारवून-पुसून दाखवतो. आपण म्हणायचं, सहज आलो. इकडून चाललो व्हतो."

द्वारकाबाईंची स्वतःची एक रीत होती. घर मनात भरलं नाही तर त्या तिथलं पाणीसुद्धा पीत नसत. आजवर सत्तावीस घरं पाहिली होती आणि अकरा घरचं पाणी प्यायल्या होत्या. त्या अकरांपैकी एकही सोयरीक मोडली नव्हती, हे गावात सगळे मान्य करीत.

घर पाहायला मुलीने स्वतः जाण्याची रीत मुळातच नव्हती. गोदावरी हटून बसली तेव्हा तडजोड झाली : डोक्यावर पदर घ्यायचा आणि तोंडाला कुलूप लावायचं. विचारल्याशिवाय एक शब्द नाही. ती लगेच कबूल झाली; सहीसाठी तिने महिनाभर मौन पाळलं असतं. पाचवा माणूस म्हणून जीपवाला कडूबा होताच. अशी वरात निघाली.

औरंगाबादेत बेगमपुऱ्यातून पुढे विद्यापीठाच्या रस्त्याला मुलींचं वसतिगृह होतं. नानासाहेबांनी जीप अलीकडेच थांबवली. स्थळाची खरी माहिती स्थळात मिळत नाही, शेजारी मिळते, हा त्यांचा सिद्धांत. समोर किराणा दुकान होतं. तिथे त्यांनी पावशेर गूळ घेतला आणि सहज विचारावं तसं विचारलं, "इथं मेसला माल तुमचाच का? डाळ किती जाते महिन्याला?"

"पहले एक बोरी जाती थी चचा," दुकानदार म्हणाला. "पिछले महीने से डेढ़ जा री. क्या हुआ मालूम नै. पोट्टियां कुछ तो बी करे."

"एका पोत्याची दीड पोती! ऐपत वाढलेली दिसती," नानासाहेबांनी निष्कर्ष काढला. गोदावरीकडे मेस, खोली, पुस्तकं, सगळ्याचा खर्च वहीत मांडलेला होता. मेसचे महिन्याचे एकशे ऐंशी. पण वही काढायची तर बोलावं लागलं असतं.

फाटकावर चतुराबाई पहारेकरीण बसलेली होती. ती कन्नड तालुक्याकडची, तिच्याही घरात चार लग्नं झालेली. तिने समोर पाहिलं : फेटेवाला एक, टोपीवाले दोन, कपाळ मोकळं पण नजर धारदार अशी एक बाई, मागे पदर घेतलेली गप्प करवली. पिशवीतून नारळाची शेंडी बाहेर आलेली.

"कोणाकडं आलात?"

"कोणाकडं नाय. सहज आलो," नानासाहेब म्हणाले. "इकडून चाललो व्हतो."

आता तुम्हीच सांगा, पाच माणसं, नारळ आणि 'सहज आलो', याचा अर्थ मराठवाड्यात कुणाला शिकवावा लागतो का? चतुराबाईने त्यांना व्हरांड्यातल्या बाकावर बसवलं आणि चपला हातात घेऊन आत धावली.

"पोरींनो, पाव्हणे आले! बघायला आले!"

"कुणाला?"

"त्ये काय सांगत्यात व्हय? सहज आलो म्हन्ले."

कुणाला ते कळलं असतं तर एकीचीच धांदल उडाली असती. कळलं नाही म्हणून सगळ्यांची उडाली. कारण खेड्यावरून आलेल्या प्रत्येकीच्या घरून गेल्या महिन्यात एक तरी पत्र आलं होतं, आणि त्या पत्रात शेवटी 'एक चांगलं स्थळ' होतंच. एकजण पांघरूण घेऊन थंडी वाजल्यासारखी कुडकुडू लागली. दुसरीने तोंडाला शाईच फासली. वच्छला नावाची मुलगी बाथरूममध्ये शिरली आणि आतून कडी घालून बसली. फक्त आवडा नावाची एक मुलगी म्हणाली, "थांबा. मी त्यांना असं सांगते की परत या रस्त्याने जाणार नाहीत."

ती पाण्याचा तांब्या घेऊन व्हरांड्यात आली. सगळे पाणी प्यायले. द्वारकाबाईंनी पेला हाताने बाजूला सारला.

"काय म्हणतं इथलं?" नानासाहेबांनी विषय काढला.

"खरं सांगू का बाबा?" आवडा समोरच बसली. "इथं राहिलेली मुलगी घरच्या कामाची राहत नाही. पाचला उठते, पण चूल पेटवायला नाही, वाचायला. भाकरी एकीलाही धड थापता येत नाही. माझीच पाहा ना, तिला चार कोपरे असतात."

कारभारींनी बहिणीकडे पाहिलं. बहीण भिंतीकडे पाहत होती.

"आणि तोंडं! एकेकीचं तोंड असं सुटतं म्हणता! मागच्या महिन्यात डाळ पातळ होती म्हणून चाळीसजणींनी मेसच्या ठेकेदाराला घेरलं. दोन दिवस जेवल्या नाहीत. खर्चाची वही मागून घेतली, एकेक आकडा तपासला. अशी मुलगी घरात आली तर उद्या तुमच्याकडेही हिशेब मागेल."

"आरारारा," नानासाहेब म्हणाले. अशी कबुली देणारं घर त्यांनी उभ्या आयुष्यात पाहिलं नव्हतं. लोक वेडसर दीरही माळ्यावर लपवतात, आणि इथे ही पोरगी आपणहून सगळे दोष पुढे मांडत होती.

गोदावरी पदराचं टोक दातांत धरून बसली होती. काय बिघडवलं होतं या मुलीचं आपण? आजन्म हिचं तोंड पाहणार नाही, असं तिने मनातल्या मनात ठरवलं. आणि लगेच तिला आठवलं, की पाहायचं म्हटलं तरी आता कुठे जमणार आहे!

"डाळीवरून भांडल्या?" द्वारकाबाईंनी पहिल्यांदाच तोंड उघडलं. "पोरी?"

"हो तर."

"आन् मग?"

आवडा जरा गडबडली. हा प्रश्न तिच्या हिशेबात नव्हता. "मग काय. डाळ घट्ट झाली."

द्वारकाबाई पुन्हा भिंतीकडे पाहू लागल्या.

एवढ्यात रेक्टरबाई आल्या. चतुराबाईने त्यांना वाटेतच सगळं सांगितलेलं होतं. त्यांनी खुर्ची ओढली, चष्मा पुसला आणि मुद्द्यालाच हात घातला.

"मुलगा काय करतो?"

आल्या आल्या घरच्या मुलाबाळांची विचारपूस करणारी बाई कारभारींना फार सालस वाटली.

"मुलगा नववीत हाय जी."

"नववीत?"

"दोनदा बसला नववीला. पण अंगानं थोराड हाय. दोन पोती एकटा उचलतो."

"नववीतल्या मुलासाठी?" रेक्टरबाई उभ्याच राहिल्या. "अहो, इथल्या मुली वीस-बावीस वर्षांच्या आहेत! कायदा म्हणून काही चीज आहे की नाही? चतुराबाई, ऑफिसातून पोलिसांना फोन लावा!"

'पोलीस' शब्द कानावर पडताच कडूबाने फाटकाबाहेर पळत जाऊन जीप सुरू केली. गुन्हा काय ते नंतर पाहता आलं असतं. नानासाहेब "सहज आलो, सहज आलो" एवढंच म्हणत राहिले, आणि ते जितक्या वेळा म्हणाले तितका रेक्टरबाईंचा संशय घट्ट होत गेला. कारभारी नुसतेच हात जोडून उभे. आपल्या मुलाच्या नापास होण्यात पोलिसांचा काय संबंध, हे काही केल्या त्यांच्या ध्यानात येईना.

"चला, निघा इथून," रेक्टरबाई म्हणाल्या. "आणि पुन्हा या फाटकात पाऊल टाकायचं नाही. कुणीही!"

त्या 'कुणीही'ने गोदावरीचं कुलूप तुटलं. तिने डोक्यावरचा पदर मागे सारला.

"मॅडम, मुलगी बघायला कुणी आलेलं नाही. मीच आलेय, तुमचं वसतिगृह बघायला. बॉटनीला यादीत माझा चौथा नंबर आहे. हा अर्ज. उद्या शेवटची तारीख आहे, आणि यावर अजून सही नाही. आमच्यात घर पाहायला गेलं की कारण सांगत नाहीत, म्हणून हे सगळं झालं. मला इथे राहायचंय हो!"

शेवटचं वाक्य तिने रेक्टरबाईंना म्हटलं खरं, पण ती पाहत होती आत्याकडे.

आवडाने कपाळावर हात मारून घेतला. "अगं बाई! आणि मी काय काय बोलून बसले!" रेक्टरबाई खाली बसल्या आणि नारळाकडे बघून हसायला लागल्या. नानासाहेब तेवढे हसले नाहीत. त्यांच्या रीतीत पहिल्यांदाच खोट निघाली होती.

तेवढ्यात आतून हुंदक्याचा आवाज आला.

"त्ये कोण?" द्वारकाबाईंनी विचारलं.

"वच्छला हाय," चतुराबाई म्हणाली. "तुमाला बघून बाथरूमात बसली. गेल्या साली तिच्या खोलीतली पोरगी अशीच बघून नेली ना. परीक्षेलाबी बसू दिली नाय."

द्वारकाबाई उठल्या. कुणाला न विचारता आत गेल्या आणि बाथरूमच्या दारासमोर उभ्या राहिल्या. मागोमाग सगळे गेले. त्यांनी दार ढकलून पाहिलं. हललं नाही. पुन्हा जरा जोर लावून ढकललं. नाहीच हललं. लोखंडी कडी होती.

"पक्की हाय," त्या म्हणाल्या.

मग दाराशी तोंड नेऊन हळू आवाजात बोलल्या, पण ऐकू सगळ्यांनाच गेलं.

"पोरी, मला बघायला आले व्हते तवा म्याबी न्हाणीत लपले व्हते. तेरा वर्षांची व्हते. आमच्या न्हाणीला तुराट्यांचा कूड आन् तरटाचा पडदा. कडी कुठली? आईनं हाताला धरून भाईर काढलं."

कारभारींनी मान खाली घातली. ते तेव्हा सहा वर्षांचे होते. आक्का कुठे लपलीय ते आईला त्यांनीच सांगितलं होतं. त्याबद्दल त्यांना शेवेचा लाडू मिळाला होता. ही गोष्ट त्यांनी आजवर कुणाला सांगितली नव्हती, आणि आताही सांगितली नाही.

"निघ भाईर," द्वारकाबाई म्हणाल्या. "तुला न्यायला नाय आलो आमी. आमचीच एक ठेवायला आलो."

मग कडी सरकली. रडून लाल झालेली वच्छला दारात आली.

"खरंच?"

"खरंच. आता मला प्यायला पाणी दे."

पाणी आवडाने आणलं. द्वारकाबाई पेला वर करून शेवटच्या थेंबापर्यंत प्यायल्या. कारभारींनी डोळे पुसले. कडूबाने जीप बंद केली. आणि नानासाहेब, ज्यांना या क्षणाची अकरा घरांची सवय होती, ते खाकरून पुढे झाले.

"मग आक्का, पसंत म्हणायचं?"

"मला कामून इचारता?" द्वारकाबाई म्हणाल्या. "राहायचंय तिला. तिला इचारा."

अशी रीत नानासाहेबांना माहीत नव्हती. त्यांनी फेटा सारखा केला, घसा साफ केला आणि जन्मात पहिल्यांदा एका मुलीकडे वळून विचारलं, "काय गोदावरी? घर पसंत हाय का?"

गोदावरीने सगळीकडे नजर फिरवली. शाई फासलेली एक, पांघरुणात घामाघूम झालेली दुसरी, चार कोपऱ्यांची भाकरी करणारी आवडा, आणि कडीवर हात ठेवून उभी असलेली वच्छला.

"आम्ही आपलं सहज आलो होतो," ती गंभीर चेहऱ्याने म्हणाली. "घरी जाऊन कळवतो."

रेक्टरबाईंसकट सगळ्या मुली फिस्सकन हसल्या. आत्याने तिच्या पाठीत एक धपाटा घातला. तोवर गोदावरीने अर्ज बापापुढे धरला होता, आणि कारभारी खिशात पेन चाचपत होते.