खंडेनवमीस तिसरा सरदार खाली बसला त्याची हकीकत

श्रीनाददेवता समर्थ. शके १९४७, विश्वावसुनाम संवत्सरे, आश्विन शुद्ध नवमी, ते दिवशी दोन प्रहरी एका राज्यात जे वर्तमान घडले ते जैसे पाहिले तैसे लिहिले असे. वाचणाराने राज्याचा पत्ता पुसू नये, कारण की राज्य अद्याप चालू आहे आणि राजे रागीट आहेत.

राज्य म्हणजे तिसरे मजल्यावरील दोन खोल्या. बाहेरील खोलीत कॉम्प्युटर, तेच तख्त. आतील खोलीत भिंतींस काळा फोम आणि मध्ये माइक, तेथे गाणाराने उभे राहावे, आणि दोहींचे मध्ये काच, तीतून एकमेकांची तोंडे पाहावी. राजे भार्गवराव, संगीत थोडे जाणत, बोलत पुष्कळ. दिवाण हणमंत शिरोळे, बोलणे थोडे, कान फार तिखट. अकरा वर्षे हणमंतांनी एका माऊसवर राज्य राखिले होते, आणि त्यांची एक सवय ऐसी की गाणारे मनुष्य माइकापुढे उभे राहिले की रेकॉर्डचे बटण दाबून मोकळे व्हावे, मग ते गावो, खोको, की चहा मागो. राजियांस ही सवय पसंत नसे. म्हणत, हणमंता, तू गोणीभर कचरा साठवितोस.

ऐसे चालिले असता शेजारील गल्लीच्या राजियांनी एक नवी पेटी आणविली. त्या पेटीवर नऊ दांड्या, त्यांस फेडर म्हणती, आणि एकेक दांडी एकेक आवाजाची धनी: वर सारिली की आवाज मोठा, खाली ओढिली की लहान. विशेष हे की पडद्यावर आवाज वरखाली जाहला की पेटीवरील दांड्या आपल्या आपण, कोणी हात न लाविता, वरखाली धावत. भार्गवराव ते पाहून आले आणि तीन दिवस त्यांस अन्न गोड लागेना. चौथे दिवशी तैसीच पेटी राज्यात दाखल जाहली. राजियांनी दांड्यांस सरदार ऐसा किताब दिला. पहिला तबल्याचा, दुसरा बासरीचा, तिसरा गाणाऱ्या गळ्याचा, ऐसे करीत नववा सर्वांवरील. हणमंतांनी अर्ज केला जे, काम माऊसवर होते आहे. राजे म्हणाले, "माऊसवर दुकानदार काम करतात, हणमंता. आपण स्टुडिओवाले."

खंडेनवमीचा दिवस, म्हणून राज्याचे रिवाजाप्रमाणे सर्व हत्यारांची पूजा मांडिली. तबला, हार्मोनियम, माइक, केबलींची वेटोळी, सर्वांस हळदकुंकू आणि झेंडूचे फूल. नव्या पेटीची पूजा राजियांनी स्वहस्ते केली. आठ सरदारांस आठ बोटे कुंकू कोरडेच लाविले, परंतु तिसरा गळ्याचा धनी, त्याचा मान मोठा, म्हणून त्यास कुंकू पाण्यात कालवून दाट लाविले आणि वर भिजले फूल खोचिले. आणि आज्ञा केली जे, उद्या दसरियास उत्तरपूजा होईतो फूल कोणी हलवू नये, पेटी उचलू नये, पालथी तो मुळीच करू नये.

तेच दिवशी दीड वाजता कौमुदीबाई आल्या. बाईंचा गळा राज्यात नामांकित, परंतु मुलाची चाहूल लागल्यापासून चवदा महिने त्या माइकापुढे उभ्या राहिल्या नव्हत्या. आज एका चित्रपटातील अंगाई त्यांचे वाट्यास आली होती. चित्रपटवाल्यांचा निरोप स्पष्ट होता की पाचाचे आत गाणे पोहोचले तर ठीक, न पोहोचले तर दुसऱ्या बाई ठरवून ठेविल्या आहेत. बाईंचे खांद्यावर सात महिन्यांची कन्या कुहू. तिला दात येत होते, आणि ती दोन वाजता निजे ती सव्वातीनास उठे, मग सांजेपावेतो कडेवरून उतरत नसे. म्हणजे बाईंचे हाती सव्वा तास, त्यापलीकडे घटकाही नाही. हे सर्वांस ठाऊक होते. बाईंनी चहू दिशांस पाहिले, निजवावयास जागा दिसेना. नव्या पेटीचे खोके भिंतीशी पडले होते. बाईंनी त्यात दुपटे चौपदरी घालून कन्येस ठेविले, आणि कन्येने एक जांभई दिली, मूठ गालाखाली घेतली आणि निजली. हणमंत उगाच दोनदा वाकून पाहून गेले. पंखा एक आकडा कमी केला तोही त्यांनीच.

दोन वाजून पाच मिनिटे. बाई आत उभ्या राहिल्या, कानास हेडफोन लाविले. हणमंत म्हणाले, आज माऊसवर घेऊ, पेटीची जुळणी उद्या सावकाश करू. राजे म्हणाले, पूजा आज, मुहूर्त आज, पेटी आजच. आणि केबल स्वहस्ते जोडिली, आणि सॉफ्टवेअरात जाऊन पेटीचे नाव लिहिले. तेथे दोन रकाने असतात. एक पेटीकडून तख्ताकडे येणारी वाट, दुसरा तख्ताकडून पेटीकडे जाणारी वाट. राजियांनी पहिला भरिला, दुसऱ्याकडे पाहिले नाही. मग सरदारास हाताने सारिले तर पडद्यावर हालचाल होई, परंतु पडद्यावरून हुकूम सोडिला तर सरदार ढिम्म. अर्ज पोहोचतात, फर्मान निघत नाही, ऐसी राज्याची अवस्था. राजियांनी केबल काढिली, घातली. कॉम्प्युटर बंद केला, चालू केला. तरी नाही. मग पेटीवर कुंकवाचे आणखी एक बोट लाविले, तेही तिसऱ्यास. दोन वाजून पंचवीस मिनिटे जाहली. काचेपलीकडे बाई उभ्या होत्या, आणि त्यांची नजर पेटीकडे नव्हती, खोक्याकडे होती.

मग राजियांनी पेटी करणाऱ्या कंपनीचे वकिलास, म्हणजे तक्रारी ऐकणारे मनुष्यास, फोन लाविला. वकील दूरच्या मुलुखातील, आवाजात साखर. त्याने पहिली मागणी ही केली की पेटीचा नंबर सांगावा. नंबर पेटीचे पोटास लिहिला होता, आणि पेटी पालथी करू नये ऐसी राजियांचीच आज्ञा. दुसरा नंबर कोठे, तर खोक्याचे तळास. खोक्यात कन्या. तेव्हा दिवाण हणमंत, वय वर्षे बावन्न, जमिनीवर पालथे पडिले, आणि राजियांनी खोक्याची एक कड दोन बोटे उचलिली, आणि हणमंतांनी मोबाइलचा उजेड पाडून एकेक आकडा कुजबुजत सांगितला. चवदा आकडे. नवव्या आकड्यास कन्या चाळवली. ओठ हलले, भुवई चढली. राजे होते तैसे थिजले, हणमंतांनी श्वास धरिला, काचेपलीकडे बाईंनी हात छातीशी नेला. मग कन्येने ओठ चोखल्यासारखे केले आणि पुन्हा निजली, आणि हणमंतांनी दहावा आकडा सांगितला.

वकिलाने पाच मिनिटे गाण्याची धून ऐकवून अखेर सांगितले जे, दुसरा रकाना भरा. हणमंतांनी भरिला. आणि काय नवल सांगावे, खडखडखड करीत सरदार एकाएकी उठिले आणि आपापले जागी जाऊन उभे राहिले. राजियांचे डोळ्यांत पाणी आले. मग मोजिले तो आठच उभे. तिसरा, गळ्याचा धनी, तळाशीच बसून. माऊसने पडद्यावर त्यास वर ओढिले तर क्षणात खाली ये. वकिलाने पुसिले, फेडरला कोणी हात लावून ठेवला आहे काय, कारण की पेटीचा कायदा ऐसा आहे की मनुष्याचे बोट लागले म्हणजे फेडरने जागचे हलू नये, बोटाचे ऐकावे, तख्ताचे ऐकू नये. राजे रागावले. म्हणाले, आम्ही काय खुळे आहो? कोणाचा हात नाही. वकिलाने पेटी परत पाठवा म्हटले आणि नंबर नोंदवून घेऊन फोन ठेविला.

पावणेतीन. राजियांनी तिसऱ्यास पुन्हा कुंकू लाविले, फुलावर पाणी शिंपडिले, आणि बाईंस काचेतून खूण केली की गा, परीक्षा पाहू. बाई गायिल्या. मुलगी भिंतीपलीकडे निजलेली, म्हणून हलकेच गायिल्या, जैसे घरी गातात तैसे. हणमंतांनी सवयीने रेकॉर्डचे बटण दाबिले. तबला वाजला, बासरी वाजली, गळ्याचे जागी शांतता. राजे म्हणाले, पुन्हा. बाई पुन्हा गायिल्या. ऐसे तीन वेळा जाहले. बाईंस हेडफोनात स्वतःचा आवाज ऐकू येईना, तरी ठेका धरून, काचेतून खोक्याकडे पाहत, अंगाई पहिल्या ओळीपासून अखेरच्या ओळीपावेतो म्हणाल्या. हणमंत हळूच म्हणाले, "पडद्यावर रेघ उमटतेय, साहेब. आवाज आत जातोय." राजे म्हणाले, "रेघ बघायला आलेत का लोक पिक्चरला? ऐकू कुठं येतंय?" हणमंतांनी पेटीची केबल काढावी म्हणून हात नेला, तो राजियांनी असे पाहिले की हात जागीच राहिला.

तीन वाजून सात मिनिटांनी कन्या उठली. अगोदर एक कुरकुर, मग टाहो. दातांचे दुखणे. बाई बाहेर धावल्या, कन्येस उचलिले, खांद्याशी धरिले, आणि आता गाणे होणे नाही हे त्यांस कळले, हणमंतांस कळले, राजियांसही कळले. कोणा एकाने पराभव घेणे प्राप्त होते. पेटी नवी, तिचा दोष म्हणावा तर घेणाराची शोभा जाई. मग राजियांनी मोठे मनाने फैसला दिला.

"वाईट वाटून घेऊ नका, कौमुदीताई. बाळंतपणानंतर गळा बसतोच बायकांचा. मशीनला आवाज पुरत नाहीये. आणखी वर्षभर घ्या, मग बघू."

बाई कन्येस थोपटीत पेटीजवळून फिरू लागल्या. हणमंत जमिनीकडे पाहू लागले. कन्या मात्र रडणे सांडून एकाएकी पुढे झुकली, कारण की तिचे दृष्टीस झेंडूचे फूल पडले. तिने हात लांबविला, तो न पोहोचता तिचे तोंडची लाळ पेटीवर ठिपकली, ती आठव्या सरदाराचे माथी. आणि आठवा सरदार, जो चालू साजाबरोबर आतापावेतो नीट वरखाली होत होता, जागीच थबकला. बाईंनी ते पाहिले. पुन्हा पाहिले. मग तिसऱ्याकडे पाहिले, तो कुंकवाचा ओघळ दांडीवरून फटीत उतरलेला आणि फुलाचे पाणी टपटपते. बाईंनी कन्येचे गळ्यातील लाळेरे काढिले.

राजे म्हणाले, "अहो अहो, उत्तरपूजा उद्याय!"

बाई म्हणाल्या, "देवाला चालेल, रावसाहेब. आमच्या कुहूनं फोन चाटला की तो आपला आपण नणंदेला लागतो, मग मी अर्धा तास खुलासे करत बसते. ओलं लागलं की ह्या वस्तूंना माणसाचं बोट वाटतं. तुमच्या तिसऱ्यावर सकाळपासून बोट ठेवलंय, आणि ते तुमचंच आहे."

ऐसे म्हणून फूल उचलून कन्येचे हाती न देता हणमंतांचे हाती दिले, आणि लाळेऱ्याचे कोरडे टोकाने तिसऱ्या सरदारास पुसिले, जैसे जेवल्यावर मुलाचे तोंड पुसतात तैसे, कोपऱ्याकोपऱ्यांतून. मग हणमंतांनी राजियांकडे न पाहता गाणे पहिल्यापासून घेऊन प्लेचे बटण दाबिले. तिसरा सरदार एकदा थरथरला. मग हळूहळू, कोणी हात न लाविता, उठत उठत वर गेला आणि आपले जागी उभा राहिला. आणि खोलीत बाईंचा गळा भरला. तिसरे वेळची अंगाई, जी कोणी ऐकिली नव्हती, गाणारीनेही नाही. हलकी, सबंध, एक सूर इकडचा तिकडे नाही, आणि कोणी उठेल की काय ऐसे भय तिच्यात होते, ते गाऊन आणिता येत नाही. खांद्यावरील कन्येने मान वळविली. आई येथे, आईचा आवाज तेथे. ती एकदा आईचे तोंडाकडे आणि एकदा भिंतीवरील स्पीकराकडे पाहू लागली, आणि रडावयाचे विसरली. दुसऱ्या कडव्यास डोळे जड जाहले. अखेरच्या ओळीस मूठ उघडली.

हणमंत एवढेच म्हणाले, "बसलेला गळा हा."

राजियांनी खिडकी उघडिली आणि बाहेरील हवा पाहिली.

तीन चाळिसास गाणे चित्रपटवाल्यांकडे रवाना जाहले. चार दहास उत्तर आले: हेच ठेवा, दुसऱ्या बाईंना कळवले आहे. संध्याकाळी शेजारील गल्लीच्या राजियांस भार्गवरावांनी फोनवरून सांगितले ते ऐसे की, पेटीची कमाल पाहा, गाण्यात असा हळुवारपणा आमचे सातव्या फेडरने आणिला. सातवा फेडर त्या गाण्यात रिकामा होता.

त्याअगोदर, बाई निघताना, राजियांनी त्यांजवळ खोके मागितले, कारण की पेटी परत करणे जाहल्यास कंपनी खोक्याखेरीज घेत नाही. बाईंनी खोक्याकडे पाहिले, त्यात कन्या पुन्हा निजलेली. हणमंत म्हणाले, "खोकं फाटलंय साहेब, तळाशी. मी उचलताना." खोके फाटले नव्हते.

एवं हे प्रकरण. तात्पर्य मागाल तर इतुकेच की पेटी त्या राज्यात अद्याप आहे, तिजवर मखमली वस्त्र असते, पाहुणे आले की नऊ सरदार वरखाली नाचून दाखवितात, आणि पाहुणे गेले की हणमंत माऊस काढून कामास लागतात. तिसऱ्या सरदाराचे बुडाशी कुंकवाचा गुलाबी डाग राहिला तो जात नाही. खोके बाईंचे घरी गेले, त्यात कन्या आणखी दोन महिने निजली, मग पाय बाहेर येऊ लागले. इतके मोठे मोहिमेत हेच एक ठाणे पक्के मिळाले. लिहिणे थांबविले, कुहू उठली आहे.