आवाजाने सांगितलेलं खोटं नाव

"मेकॅनिक कशाला? मी आहे ना," असं भाची म्हणाली, तेव्हा दुधाच्या राखणीसाठी मांजराने अर्ज केल्यासारखं मावशीने तिच्याकडे पाहिलं.

मावशीचं दुकान जुन्या व्हिडिओ कॅसेट कॉम्प्युटरवर उतरवून देण्याचं. कॉम्प्युटर नवाकोरा, कॅसेटचं चित्र आणि आवाज आत घेणारं कार्ड मात्र जुनाट. सकाळपासून चित्र येत होतं, आवाज गायब! आणि पाच वाजता एक आजी आपल्या निवृत्ती समारंभाची कॅसेट न्यायला येणार होत्या.

"जमलं तर रोज शाळेनंतर ही खुर्ची तुझी," मावशी म्हणाली. "बिघडवलंस, तर इथे फक्त केर काढायला यायचं."

त्या खुर्चीची भाचीला वर्षभर स्वप्नं पडत होती. तिने बाह्या सरसावल्या आणि दहा मिनिटांत चोर पकडला.

"मावशी, कार्डात दोघे भाऊ राहतात. एक चित्र आणतो, एक आवाज. दोघेही प्रोसेसरला न विचारता थेट मेमरीत माल टाकतात. पण नव्या कॉम्प्युटरच्या दारात वॉचमन आहे. तो नाव विचारून मेमरीतली ज्याची त्याची खोली उघडतो. आणि हा आवाजवाला गडी नाव सांगतो चित्रवाल्याचं."

"असं का?"

"बनवणाऱ्यानेच चुकीचं शिकवलंय. मग वॉचमन म्हणतो, चित्रवाल्या, आवाजाच्या खोलीत तुझं काय काम? चालता हो."

"मग वॉचमनलाच काढ."

"छे, उद्या कुणीही घुसेल. मी त्याला समजावते."

तिने दोन ओळी टाइप करून समजावलं: चित्रवाल्याच्या नावाने कुणीही येवो, चित्राच्या खोलीत सोड. वॉचमनची स्क्रीनवरची कुरकुर थांबली. कुरकुर नाही म्हणजे काम फत्ते, असं धरून तिने कॅसेट लावली, स्क्रीन बंद केला आणि तीन मैत्रिणींना फोन करून स्वतःचं कौतुक सांगितलं.

पाचला आजी आल्या. सोबत आजोबा, ज्यांना तोफ उडाली तरी कुणी कुजबुजल्यासारखं वाटे.

स्क्रीनवर सभागृह स्वच्छ दिसलं. आजींनी भाषणाला तोंड उघडलं मात्र, अंगभर आडव्या पट्ट्या! कागद उलटायला थांबल्या की लख्ख, बोलू लागल्या की झेब्रा. स्पीकर मुका. भाचीच्या लक्षात आलं: आवाज चित्राच्या खोलीत शिरला होता खरा, पण आपला माल चित्रांच्या डोक्यावर ओतत होता.

"माझं हे काय करून ठेवलंय?" आजी म्हणाल्या.

आजोबा मात्र खुर्ची पुढे ओढून बसले. "अगं, तू बोलतेस तेव्हाच येतंय ते. आणि या टाळ्या. बघ." मग हळूच म्हणाले, "त्या दिवशी शेजाऱ्याचे हात बघून टाळ्या वाजवत होतो मी. कुठे वाजवायच्या ते आज कळलं. मला हीच द्या."

"मला पट्ट्या नकोत, आवाज हवा," आजी म्हणाल्या.

भाचीने घाम पुसत वॉचमनला नीट सांगितलं: चित्राच्या नावाने येईल त्याला दोन्ही खोल्या उघड, ज्या खोलीचा माल त्या खोलीत. आणि आवाज खणखणीत आला.

मावशीने खुर्ची पुढे केली. "बस. तुझीच."

भाची ऐटीत बसली, आणि मग तिला आठवलं की अख्खी कॅसेट पुन्हा उतरवायची आहे, आणि ती भरभर पुढे पळवून उतरवता येत नाही. जेवढं भाषण, तेवढा वेळ.

आजींनी शेजारी स्टूल ओढलं. "पावणेदोन तासांचं आहे. आपण दोघी मिळून ऐकू."

आजोबा जाता जाता तिच्या कानाशी वाकले. "भाषणात पाऊण तासाने ती पाणी पिते. तेवढ्यात उठून घे."