अम्म फरगली यांचा शोकमंडप

सुसंस्कृत समाजात खून कसा व्हावा याचे काही नियम असतात. तो पहिल्या दहा पानांत व्हावा, मरणारा माणूस श्रीमंत आणि थोडा उर्मट असावा, आणि एकशे चाळिसाव्या पानाच्या आसपास खुनी सापडून वाचकाला शांत झोप लागावी. तांता शहरातले लेखक उस्ताद वजीह अल-बर्दीसी यांनी हे नियम तीस पुस्तकांत काटेकोर पाळले. एकतिसाव्यात मोडले. त्यानंतर त्यांना जे भोगावं लागलं ते योग्यच होतं, असं शहराचं मत आहे.

त्यांच्या ‘इन्स्पेक्टर बहगत’ मालिकेची खिशात मावणारी पुस्तकं स्टेशनबाहेरच्या पेपरवाल्याकडे मिळत आणि गाडी कैरोला पोहोचेपर्यंत वाचून होत. प्रत्येकात पाच संशयित, एक विधवा, एक हरवलेली किल्ली. एकशे अडतिसाव्या पानावर बहगत डोकं धरून बसे. मग त्याच्या कचेरीतला म्हातारा अम्म (म्हणजे काका) फरगली बडीशेपेच्या गरम काढ्याचा ग्लास टेबलावर ठेवून काहीतरी बिनकामाचं बोले, उदाहरणार्थ, “साहेब, जिना ओला आहे, जपून.” बहगत ताडकन उठून म्हणे, “शाब्बास! ओला जिना!” आणि खुनी गजाआड जाई. असं तीस वेळा झालं. (विसाव्या पुस्तकात फरगली नुसता शिंकला होता. तेवढ्यावर एक बँक मॅनेजर पकडला गेला.)

ही पुस्तकं उस्ताद चौकातल्या कहवाखान्यात, खांबाजवळच्या टेबलावर लिहीत. काढा हवा असला की दोन टाळ्या वाजवायच्या, तिथली पद्धतच तशी. मग पांढऱ्या मिशांचा वेटर खांद्यावर फडका टाकून, एक पाय जरा ओढत, तबक घेऊन यायचा. बावीस वर्षं तोच वेटर, तोच ग्लास. फरगलीची चाल, त्याचा फडका आणि दुखरा गुडघा उस्तादांनी या वेटरकडूनच उचलला होता, पण त्याने कधी तक्रार केली नाही आणि उस्तादांनीही कधी विषय काढला नाही.

एकतिसाव्या पुस्तकाचं नाव ‘रिकामं तबक’. त्यात सहाव्या पानावर कचेरीच्या जिन्यात अम्म फरगली मरून पडलेला सापडतो. तबक पालथं, ग्लास फुटलेला. बहगत जिवाचं रान करतो, पण एकशे अडतिसावं पान येतं तेव्हा काढा आणून बिनकामाचं बोलायला कुणी नसतं. शिवाय फरगली राहायचा कुठे, त्याचं पूर्ण नाव काय, घरी कोण आहे, हे आपल्याला ठाऊक नाही असं बहगतच्या लक्षात येतं, आणि त्यामुळे तपासाचा कागद वरच्या दोन ओळींपुढे सरकत नाही. शेवटच्या पानावर तो स्वतः काढा करायला जातो, हात भाजून घेतो आणि फाइल बंद करतो. खुनी सापडत नाही.

पहिली आवृत्ती चार दिवसांत संपली. पाचव्या दिवसापासून पत्रं यायला लागली.

प्रकाशनसंस्थेत वाचकांच्या पत्रांची व्यवस्था अत्यंत शास्त्रशुद्ध होती. आधीच्या तीस पुस्तकांवर मिळून सुमारे चार हजार पत्रं आली होती, आणि त्यांत अम्म फरगलीचा उल्लेख असलेलं पत्र एक होतं. (तो काढ्यात साखर फार घालतो, अशी तक्रार.) आता एकट्या ‘रिकामं तबक’वर सहाशे बारा आली. दोनशे सात वाचकांनी फरगलीला तात्काळ जिवंत करण्याची मागणी केली. एकशे चव्वेचाळीस जणांनी खुनी ओळखून दाखवला. त्यांतल्या अठ्ठ्याऐंशींनी थेट लेखकाचं नाव दिलं होतं आणि एकाने आपल्या मेव्हण्याचं, पत्त्यासकट. एकसष्ट जणांना पुस्तक फार आवडलं. त्यांतल्या एकोणसाठांनी सही केली नव्हती. दमनहूरच्या एका शिक्षिकेने कळवलं की हे पुस्तक अतिशय वाईट आहे, हे पडताळून पाहण्यासाठी तिने ते तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा रडू आलं. बाकीच्या पत्रांत आईवडिलांचा उद्धार होता. ती वेगळ्या पोत्यात ठेवली गेली.

पहिलं पोतं भरल्यावर प्रकाशक मुमताझ लब्बान स्वतः कहवाखान्यात आले.

“वजीह, तू माझी पार वाट लावलीस,” ते बसायच्या आधीच म्हणाले. “माणूस मारायचाच होता तर बँकवाला मारायचास. अरे, काढेवाल्याला मारतात होय?”

“तुम्ही तिसरी आवृत्ती छापताय ना?”

“छापतोय. पण लोक रडतायत! रडलेला माणूस पुढचं पुस्तक घेतो का? पुढच्यात फरगलीला परत आण.”

“तो मेलाय, लब्बानसाहेब. त्याला पुरलंय. पान अकरा.”

“मग जुळा भाऊ काढ. नाहीतर स्मृती गेली होती म्हण. माझ्या जावयाने दोन्ही लिहून तयार ठेवलंय. गुरुवारपर्यंत तू दिलं नाहीस तर बहगत त्याचा.”

जावई पाणीपुरवठा खात्यात इंजिनिअर होता आणि फावल्या वेळात प्रेमकथा लिहीत असे. (त्यांत पाण्याच्या नळांचं वर्णन फार हुबेहूब असे.)

लब्बान गेले. उस्तादांनी दोन टाळ्या वाजवल्या. वेटरने काढा आणला, टेबल पुसलं आणि गेला. उस्तादांना भीती वाटत होती, दुसरा शब्द नाही. अठ्ठावन्नाव्या वर्षी बहगत हातातून गेला तर सकाळी उठून करायचं काय? आणि तरीही, कपाटात ठेवताना ज्याचं नाव भिंतीकडे वळवून ठेवावंसं वाटलं नाही असं त्यांचं हे पहिलंच पुस्तक होतं. त्यातल्या मेलेल्या माणसाला जुळा भाऊ चिकटवायचा म्हणजे आपल्या हाताने त्याला दुसऱ्यांदा मारायचं.

तोवर वाचकांनी पुढचं पाऊल उचललं होतं. मैताच्या बाबतीत तांताचे लोक हयगय करत नाहीत. मालिकेचे ज्येष्ठ वाचक, औषधवाले डॉक्टर फहीम अल-अत्तार यांच्या पुढाकाराने बुधवारी संध्याकाळी त्यांच्या गल्लीत रंगीत कापडाचा रीतसर शोकमंडप उभा राहिला. दोन रांगांत खुर्च्या, बिनसाखरेची कॉफी, कुराणपठणासाठी एक नामवंत शेख. शेखसाहेबांनी मृताच्या वडिलांचं नाव विचारलं तेव्हा मृत हा पुस्तकातला आहे असा उलगडा झाला आणि त्यांनी जोडे घालायला घेतले. शेवटी पठण गल्लीतल्या सर्व खऱ्या दिवंगतांसाठी होईल आणि फरगलीच्या चाहत्यांनी ते नुसतं अदबीने ऐकावं, अशी तडजोड झाली. ती शेखसाहेबांनी काटेकोर पाळून घेतली.

उस्ताद वजीह तिथे गेले ते हा प्रकार थांबवायला. पण मंडपाच्या तोंडाशी घरच्या माणसांची रांग उभी असते, आणि फरगलीला घरचं माणूस नसल्यामुळे ती जागा रिकामी होती. उस्ताद तिथे थबकले. त्याच वेळी मागून आलेल्या गृहस्थांनी त्यांचा हात हातात घेऊन म्हटलं, “त्याचं उरलेलं आयुष्य तुम्हाला लाभो.” एकदा हात हातात आला की तो तसाच सोडून पळता येत नाही. उस्ताद म्हणाले, “अल्ला तुमचं भलं करो,” आणि अडकले. पाऊण तासात चारशे बारा जणांनी त्यांचं सांत्वन केलं. त्यांतल्या तीसेक जणांनी हात न सोडता कानात विचारलं, “पण मारला कुणी?” मृताचा सर्वांत जवळचा नातेवाईक आणि खुनी ही दोन्ही पदं एकाच वेळी भूषवणारे ते शहरातले पहिलेच असतील असं नाही, पण उघडपणे भूषवणारे पहिले.

पठण थांबलं तेव्हा कुणीतरी त्यांना खुर्चीवर बसवलं. कॉफीचं काम चौकातल्या कहवाखान्याकडे होतं, त्यामुळे पांढऱ्या मिशांचा वेटर संध्याकाळपासून तबक घेऊन रांगांमधून फिरत होता. लोक डोळे पुसत होते आणि तबकावरून कप उचलत होते. (तबक धरणाऱ्याकडे पाहायला डोळे कोरडे असावे लागतात.)

“घ्या, उस्ताद,” वेटर म्हणाला. “कडू आहे.”

कोण आपलं, कोण परकं हे न कळण्याइतके दमल्यामुळे उस्तादांनी त्यालाच विचारलं, “तुम्हीच सांगा हो. आणू का फरगलीला परत?”

वेटरने तबक दुसऱ्या हातात घेतलं. “या चारशे माणसांतल्या कुणी त्याला जिवंतपणी विचारलं होतं का, बाबा, गुडघा कसा आहे?”

“नाही.”

“मग आणा की परत. पुन्हा कुणी विचारणार नाही. मेल्यापासून जरा बरं चाललंय बिचाऱ्याचं.” आणि तो पुढच्या खुर्चीकडे वळला.

उस्ताद वजीह ताडकन उठले. तीस पुस्तकांत हे वाक्य त्यांनी तीस वेळा लिहिलं होतं, पण उठताना कसं वाटतं ते त्यांना आज कळलं.

लब्बान तिसऱ्या रांगेत बसून कॉफी पीत होते. उस्ताद त्यांच्यासमोर उभे राहून म्हणाले, “आणणार नाही. द्या जावयाला. फरगली मेलाय तो मेलाय.”

“हळू बोल,” लब्बान म्हणाले. “पुढच्या महिन्यात येतोय तो परत. जुळा भाऊ.”

हे शेजारी बसलेल्या डॉक्टर फहीमनी ऐकलं. (जिवंत करण्याची मागणी करणाऱ्या दोनशे सातांत पहिली सही यांचीच होती.) “परत येतोय?” ते ओरडले. “मी मंडप घातलाय! अख्ख्या गल्लीला सांत्वनाला बोलावलंय! माझ्या सासऱ्यांनी तार केलीय! आता तो तबक घेऊन उभा राहिला तर मी तोंड कुठे लपवू?”

बातमी दोन्ही रांगांतून फिरली. सांत्वनाला येऊन गेल्यावर मृत माणूस हिंडताना दिसणं हा येणाऱ्यांचा अपमान आहे, यावर पाच मिनिटांत एकमत झालं. एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, “मी झगाझीगहून आलोय हो! एवढ्या लांबून मी कुणाच्या जुळ्या भावासाठी आलो काय?” जिवंत करण्याची मागणी करणाऱ्यांची संख्या दोनशे सातवरून शून्यावर आली. लब्बान व्यवहारी माणूस होते. त्यांनी कप उपडा ठेवला, उस्तादांचा हात धरला आणि जाहीरपणे म्हणाले, “त्याचं उरलेलं आयुष्य तुला लाभो, वजीह. आणि बत्तिसावं पुस्तक महिनाअखेर दे.” जावयाने पुढे नळांवर एक स्वतंत्र कादंबरी लिहिली. तिच्यावर एकही पत्र आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी उस्ताद नेहमीच्या टेबलावर बसले. मन इतकं हलकं झालं होतं की त्यांना उगीचच हसू येत होतं. टाळीसाठी हात वर गेले आणि तिथेच थांबले. मग ते उठून काउंटरपाशी गेले.

“बावीस वर्षं झाली,” ते म्हणाले आणि लाजेने त्यांचे कान तापले. “तुमचं नाव काय हो?”

वेटर आधी हसला. मग त्याने नाव सांगितलं, वडिलांचं आणि आजोबांचंही जोडून, गावासकट. “आणि गुडघा डावा आहे,” तो म्हणाला. “तुम्ही तीस पुस्तकं उजवा लिहिलाय.”

ते नाव बत्तिसाव्या पुस्तकाच्या पहिल्या पानावर पूर्ण छापलं आहे. इथे ते मुद्दाम दिलेलं नाही. हे गृहस्थ तिसऱ्या परिच्छेदापासून या कथेत तबक घेऊन वावरत आहेत, आणि प्रस्तुत वाचकाने तेव्हापासून आत्तापर्यंत फरगलीला कुणी मारलं, लब्बानचं काय झालं, जावयाच्या नळांचं काय झालं, याची आस्थेने चौकशी केलेली आहे. यांचं नाव विचारणारा अर्ज मात्र हे वाक्य लिहीपर्यंत एकही आलेला नाही.