गोदाक्कांची चुंबळ

आमच्या गोदाक्का कोणतीही वस्तू नुसती जमिनीवर टेकू देत नाहीत. आधी चुंबळ. बायका डोक्यावर घागर घेताना कापडाचं कडं ठेवतात, तेच. बीडजवळच्या आमच्या शिरूरला नळ आले, सपाट बुडाच्या प्लास्टिकच्या घागरी आल्या, तरी अक्कांच्या चुंबळी थांबल्या नाहीत. तांब्याखाली चुंबळ, रॉकेलच्या डब्याखाली चुंबळ. घरात फोन आला, तर त्याच्याखालीसुद्धा. "बूड ठरलं की जीव ठरतोय," हे त्यांचं नेहमीचं बोलणं.

त्या माझ्या थोरल्या नणंद. विधवा झाल्या तेव्हापासून माहेरीच. चुंबळींपायी माझे परकर, यांची धोतरं फाडून झाली. त्यांच्या पेटीतल्या एका पिवळ्या दुपट्याला मात्र कुणी हात लावायचा नाही.

कॅन्सरमुळे माझा डावा स्तन काढला, तेव्हाच पुण्याच्या डॉक्टरीणबाईंनी पोटाचं मांस वर घेऊन नवा केला. पण तो कोराच. बोंड नव्हतं. ते पुढच्या वर्षी करायचं ठरलं आणि माझं अन्न गोड लागेना. पुन्हा कापाकापी, आणि गावाला कळलं तर?

अक्का चुलीपुढून म्हणाल्या, "कावून गं परत कापून घेतीस? झंपराच्या आत कोन बघतंय?"

"न्हाताना मी बघते, अक्का."

निघायच्या दिवशी अक्का माझ्याआधी पिशवी भरून उंबऱ्यात उभ्या.

पुण्याला डॉक्टरीणबाईंनी कागदावर काढून दाखवलं. तिथल्याच कातडीच्या तीन पाकळ्या कापून उचलायच्या, एकमेकींभोवती गुंडाळून टाके घालायचे. बोंड नंतर थोडं खाली बसतं, म्हणून आधी मुद्दाम उंच करायचं. रंग नंतर गोंदून. मी मान खाली घातलेली. अक्कांचा आवाज मात्र बाहेरच्या बाकापर्यंत: "गोंदायचं? माज्या हातावर तुळस हाय तसं?"

"तसंच, आजी. फक्त तपकिरी. पण जपा हं. दाब पडला तर रक्त पोचत नाही, बोंड काळं पडतं, जातं." मग बाईंनी कापसाचं एक गोल कडं दाखवलं. बोंड मधल्या भोकात राहतं, कपडा टेकत नाही.

अक्का खुर्चीवरून उठल्याच. "अगं बाई, ही तर चुंबळ!"

ऑपरेशन झालं. टाके काढून परत येताना एसटीत ही गर्दी. अक्कांनी माझ्यापुढे हात आडवा धरला तो बीड येईपर्यंत. एक जण जरा कलला, तर ओरडल्या, "ए बाबा, सरक की! काचंचं सामान हाय हितं!" सगळी बस काच शोधायला लागली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आता घरी धुतलेल्या मऊ कापडाचं कडं चालेल, असं बाईंनी सांगितलं होतं. सकाळी न्हाणीत मी भीत भीत झंपर काढला.

दाराबाहेरून अक्का, "काळं न्हाई ना गं?"

"न्हाई. गुलाबी हाय."

"मग ही घे." उकळून वाळवलेली इवलीशी चुंबळ दाराच्या फटीतून आत आली. मी हातात घेतली. पिवळी होती.

"अक्का, हे दुपटं..."

"पाजायच्या आदीच गेलं माजं लेकरू," दारापलीकडून त्या म्हणाल्या. "पेटीत ठिवून काय करायचं? नीट बांद. दबू दिऊ नगं."